दिवाळीच्या तोंडावर राब

"दारू पितो म्हणून सांगायचं. कोणी पण इचारू दे. प्याला होता, चढली, पेटवलं. समजलं काय रं?"

गजाकाकाचं बोट किरणच्या छातीपासून वीतभर लांब होतं. किरणनं ते झटकून बाजूला केलं.

"बाबा थेंब पण घेत नाय. आख्ख्या गावाला ठावं हाय."

"म्हणून तर सांगतो. आता लागली म्हणायचं. पैसा आल्यावर लागतेच. कोण नाय म्हणणार हाय?"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच किरणचं डोकं जास्त सणकलं. जमीन विकून दारूला लागला, असं कोणाबद्दल ऐकलं तर त्यांच्या आळीत आता भुवई पण वर जात नाही. उलट लोक म्हणतात, चला, सुखात हाय. दारुड्याची पोरगी खपते, दारुड्याला सोसायटीत खुर्ची मिळते. आणि मुख्य म्हणजे दारुड्याची सही चालते. वेड्याची चालत नाही. काका-पुतण्याचं सगळं भांडण एवढ्यावरच होतं.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी सकाळी, उन्हं चांगली वर आल्यावर, किरणच्या बापानं, धाकलूनं, घरामागच्या तुकड्यात राब भाजला. आता राब भाजण्यात वेडेपणा काहीच नाही. भाताचं रोप टाकायचं तर आधी जमीन भाजून घेतात. खाली शेण, त्यावर झाडाच्या तोडलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा नि गवत, आणि सगळ्यावर मातीचा थर, म्हणजे आग भडकत नाही, आतल्या आत धुमसते. धाकलू पोरवयापासून हे करत आलेला. पण राब भाजतात होळीच्या आगंमागं. दिवाळीच्या तोंडावर भात कापायचा असतो. बाहेरच्या माणसाला नुसता धूर दिसला असता. गावातल्या ज्यानं ज्यानं तो धूर बघितला तो चालता चालता थांबला, कारण महिना चुकला होता. आणि धाकलू महिना चुकणारा माणूस नव्हता.

शेण नव्हतं, ढोरं विकलेली. फांद्या नव्हत्या, ऐनाची झाडं वेअरहाऊसच्या रस्त्यात गेलेली. मग त्यानं वेअरहाऊसच्या मागं टाकलेले पुठ्ठे आणले. खोके फाडून सपाट केले, थरावर थर लावले, मधे थर्माकोल, ते फुग्याफुग्यांचं प्लास्टिक, आणि वर माती अशी सारखी पसरली की किरण धावत आला तो बघतच उभा राहिला. थर एकदम बरोबर होते. वास तेवढा वेगळा होता.

धूर भिंतीपलीकडे गेला, वेअरहाऊसचा भोंगा वाजला, आतली पोरं-पोरी गळ्यात कार्ड लटकवून बाहेर येऊन उभी राहिली. वॉचमन शिव्या देत आला. तेवढ्यात गजाकाका पोचला नि हात जोडून म्हणाला की भाई, पीके बैठा है, माफ कर दो. वॉचमन हसला. संपलं प्रकरण. धाकलू फावडं धरून मधे उभा होता. तो एवढंच म्हणाला, "औंदा रोप लवकर टाकतो." कोणी ऐकलं नसेल असं समजून काकानं त्याचा दंड धरला नि घरात आणून बसवला.

जमीन गेली तेव्हा किरण आठवीत होता. दोघा भावांची मिळून होती, सगळी भाताची खाचरं. रोड लागून असल्यामुळं भाव चांगला आला. काकाला गाडी आली. किरणच्या घराला टाइल्स आल्या, आईला ओढायच्या कप्प्यांचं किचन आलं. किरणला बाईक मिळाली आणि शाळेवरचं लक्ष उडालं. तसं ते आधी पण कुठं होतं म्हणा. दहावीत एक सर भर वर्गात बोलले की, जागावाल्यांच्या पोरांनी कशाला शिकायचं, बापानं विकलीय, तुमी खा. किरणनं हातात आला तो डस्टर भिरकावला. सरांना लागला नाही, फळ्याला लागला, पण त्यानंतर तो शाळेत गेला नाही.

मग तो त्याच वेअरहाऊसमधे लागला. हातात स्कॅनर, कानाला हेडफोन, रॅकमधून फिरायचं. जिथं त्यांचं मोठं खाचर होतं तिथं कुठली तरी लाईन होती, मिक्सर आणि लहान पोरांचे डायपर ठेवलेली. एकदा जेवताना बापानं विचारलं की आत काय काय असतं. किरणनं सांगितलं, मिक्सर, बूट, डायपर, सगळं असतं. धाकलूनं थोडा विचार केला आणि विचारलं, "आणि खाली?" किरण हसला होता तेव्हा. आता आठवलं की त्याला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटायची. सुपरवायझरशी भांडण होऊन ती नोकरी पण गेली, पण तो प्रश्न काय गेला नाही.

त्या घरात कधी विकतचा तांदूळ आला नव्हता. दुष्काळात पण नाही. कणगीतला शेवटचा दाणा संपल्यावर आई चौक गावच्या दुकानातून पिशवी घेऊन आली, आणि त्या दिवसापासून धाकलूनं भात सोडला. त्याच तांदळाची म्हणून भाकरी पण सोडली. आधी वाटलं रुसला. मग वाटलं वयानं पोट बिघडलं असेल. तो बिस्किटं खायचा, चहात बुडवून, आणि पँटीला सुतळी बांधायचा कारण पट्ट्याची भोकं संपली होती. झोप तर कधीच गेली होती. हाताची बोटं मात्र बसल्या जागी चालू असायची, अंगठा दुसऱ्या बोटावर घासत, रोपाची जुडी सोडवावी तशी.

मग कोणाला कळलं कसं नाही, असं कोणी विचारेल. त्यानं एकदा चौकच्या नाक्यावर येऊन बघावं. आंघोळ करून, गळ्यात चेन घालून टपरीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत माणसं सकाळी बसतात ती जेवायलाच उठतात. कोणाला काम नाही, कोणाला गरज नाही. त्यात कोण आरामात बसलाय आणि कोण आतून बसलाय, ओळखणार कसं? धाकलू पण त्यांच्यातच जाऊन बसायचा. दिसायला सगळे सारखेच.

"आणि परवा खालापूरला जाऊन काय बोलणार तो?" किरणनं काकाला विचारलं. "साहेबानं इचारलं, खुशीनं विकता काय, तर रोप लवकर टाकतो म्हणून सांगंल."

घरामागचा तो राबाचा तुकडा तेवढा उरला होता, आणि कंपनीला ट्रकच्या दुसऱ्या गेटसाठी नेमका तोच हवा होता. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं. मंगळवारी खालापूरला रजिस्ट्री ठरलेली, काकानं शब्द दिलेला. आणि दहिवलीला दर मंगळवारीच एक मनाचे डॉक्टर बसतात, असं सरकारी दवाखान्याच्या आशाताईनं, निशिगंधानं, किरणच्या आईच्या कानात सांगितलेलं.

काकानं खुर्ची पुढं ओढली, आवाज खाली आणला. किरणला कळत नाही असं त्याचं म्हणणं होतं. एकदा का कुठल्या कागदावर लागलं की हा माणूस डोक्यानं गेलेला आहे, की उद्या कोणी पण उठून म्हणेल, तेव्हा पण गेलेलाच होता. मग हा तुकडाच काय, आधीची सगळी खरेदी कोर्टात. घर, टाइल्स, बाईक, सगळं त्याच पैशाचं. "बाईक काढून घेतली तर चालंल तुला?"

"ने. आत्ता ने." किरणनं चावी काढून काकाच्या पायाजवळ फेकली.

आई आतून आली नि चावी उचलून तिनं कनवटीला लावली. काकानं तिच्याकडं न बघताच सांगितलं की सही झाली की बुधवारी तो सोता नेईल त्याला, गाडीतून, चांगल्या डॉक्टरकडं.

"तू होळी झाली की नेणार होतास," किरण म्हणाला. "मग गणपती झाले की."

 काकानं तोंडावरून हात फिरवला, आणि तेव्हा पहिल्यांदा किरणला दिसलं की काकाची दाढी पांढरी झालीय आणि त्याचं तोंड थेट बाबांच्या तोंडासारखं आहे. जमीन विकूया म्हणून धाकलूच्या मागं महिनोन् महिने लागला होता तो हाच. हे दोघांना पण माहीत होतं. काका उठला आणि चप्पल घालून गेला.

तो गेल्यावर आईनं किरणला आत बोलावलं. ओट्याखालचा तांदळाचा डबा तिनं ओढला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि एक दावं बाहेर काढलं. बैलाचं, जुनं, गुळगुळीत झालेलं.

"ह्याच्यात ठेवलं, कारण ह्या डब्याला तो हात लावत नाय," आई म्हणाली. "गोठ्यात बसला होता घेऊन. ढोर नाय, काय नाय. मी इचारलं, काय करतोस? तर बोलला, बांधायला काय तरी पायजे ना."

"कधी?"

"पितरपाटात. महिना होत आला."

किरणला ओरडायचं होतं, की आत्ता सांगतेस होय. पण आईचा एक हात अजून तांदळात होता, दाणे मुठीत घेत नि सोडत. तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर लोक ठाण्याला, वेड्यांच्या दवाखान्यात पाठवा म्हणतील, आणि त्यांच्याकडं ठाण्याला गेला म्हणजे माणूस संपला. ती वाट बघत होती की दिवस जातील तसा सुधरेल. ती दिवसभर त्याच्या मागं मागं फिरायची, तो परसात गेला तरी. तिच्या पण अंगावरचं मांस गेलं होतं, हे सुद्धा किरणला तेव्हाच दिसलं.

मंगळवारी काय करायचं हे ती बोलली नाही. दावं परत तांदळात पुरलं, डबा आत सारला, आणि कनवटीची चावी काढून त्याच्या हातात दिली.

मंगळवारी गजाकाका गाडी घेऊन आला. धाकलूला आईनं पांढरा शर्ट घातला होता, केसाला तेल लावलं होतं. तो शहाण्यासारखा गाडीपर्यंत गेला, आत बसला, दार लागलं, काच वर गेली, आणि तो दाराला हातानं चाचपायला लागला, कडी कुठं आहे ती सापडेना. घाम फुटला त्याला. किरणनं दार उघडून त्याला बाहेर घेतला नि म्हणाला की बाईकवर आणतो मी, वाऱ्यावर बरं वाटंल.

काकानं बराच वेळ त्याच्याकडं बघितलं. "सरळ खालापूर."

"हां."

"किरण, सरळ."

"हां बोललो ना."

गाडी गेली. बापाला मागं बसवून, त्याचे हात आपल्या पोटावर घट्ट बांधून घेऊन किरण निघाला. हातांचं वजनच नव्हतं. चौकच्या फाट्याला रस्ता फुटतो, एक हायवेनं सरळ खालापूर-खोपोलीला, एक डाव्या हाताला कर्जत-दहिवलीला. तिथल्या एका गॅरेजसमोर त्यानं बाईक उभी केली. आता वळवली असती तर बाप काही बोलला नसता. सरळ नेली असती तरी बोलला नसता. काका त्याला तसाच नेणार होता, न विचारता. आणि आपण पण तसंच करतोय, हे किरणला एकदम टोचलं.

तो उतरला. धाकलू बसूनच राहिला, हात अजून कोणाचं तरी पोट धरल्यासारखे.

"बाबा, काका खालापूरला वाट बघतोय. सही करायला."

"हां. कुठं करायची ती दाव. मी करतो."

"नायतर दहिवलीला जाऊ."

"दहिवलीला काय हाय?"

"डॉक्टर हाय."

"कशाचा?"

किरणला शब्द सापडेना. गावात जे शब्द होते ते सगळे शिव्याच होते. मागून एक ट्रेलर हॉर्न मारत गेला, धूळ उडाली.

"झोपेचा," तो म्हणाला.

धाकलूनं मान वर केली. कित्येक महिन्यांत त्यानं असं कोणाकडं सरळ बघितलं नव्हतं. "झोप लागंल काय रं?"

"लागंल. सांगता येत नाय, पण लागंल."

"मग तिकडं चल."

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता, खाली मोबाईलचं दुकान. वर बाकडी भरलेली. किरणला वाटलं होतं केस पिंजारलेली, कपडे फाडणारी माणसं असतील. तिथं बसली होती साधी माणसं, टिफिनच्या पिशव्या घेऊन आलेली. आणि कोपऱ्यात तोंडाला रुमाल लावून एक माणूस, गळ्यात जाड चेन, चौकच्या नाक्यावर रोज बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसणारा. त्यानं किरणला बघून तोंड भिंतीकडं फिरवलं. धाकलू मात्र जाऊन त्याच्याशेजारीच बसला, जशी ती पण त्याची रोजचीच जागा.

"कापणी झाली काय?" त्यानं विचारलं.

"कसली कापणी, विकली ना सगळी," तो माणूस रुमालातून म्हणाला. 

फोन वाजला. किरण जिन्यात गेला. काकानं आधी शिव्या घातल्या, आईवरून, बापावरून. बाप त्याचाच भाऊ आहे हे पण तो विसरला. किरणनं पण तोंड सोडलं, दाव्याचं सांगून टाकलं, डब्यासकट.  पलीकडून नुसता ऑफिसातला गलका, झेरॉक्सवाल्याच्या हाका. 

"पितरपाटात?" काका म्हणाला.

"हां."

"मला कोणी सांगितलं नाय."

"तू ऐकलं असतंस?"

 मग काका एकदम हळू बोलायला लागला, बाजूला कोणी ऐकू नये असा. दाव डॉक्टरला, तो म्हणाला, दाव, माझं काय म्हणणं नाय. पण नाव दुसरं सांग. "आमच्या बाचं सांग. पोशा सांग. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? औषध तर तेच भेटंल. आणि तीनच्या आत इकडं घेऊन ये."

किरणला राग येईल असं त्यालाच वाटलं होतं. आला नाही. कारण यात कोणाचं काही जात नव्हतं. बाबाला गोळ्या मिळतील, काकाचा शब्द राहील, घर राहील, बाईक राहील, आणि गावात तोंड राहील. इतकं सोपं होतं तर आधीच का नाही सुचलं? तो काउंटरला गेला. तिथं एक मुलगी बसली होती, त्याच्यापेक्षा थोडीच मोठी.

"पेशंटचं नाव?"

"पोशा," किरण म्हणाला, आणि पुढचं तोंडातून निघेना. आता आतून कोणी पोशा म्हणून हाक मारणार, आणि बाबा उठणार? नाही उठला तर सांगायचं, बाबा, इथं तुझं नाव हे. जमीन गेली, बैल गेले, भात गेला, आता हे पण दे.

"पोशा काय?"

"धाकलू पोशा ठोंबरे," मागून आवाज आला. बाप कधी येऊन उभा राहिला होता कळलंच नाही. तलाठ्यासमोर उभा राहायचा तसा, चपला बाजूला काढून, हात पुढं बांधून. "मुक्काम लोधिवली, तालुका खालापूर."

"वय?"

त्यानं ते पण सांगितलं.

"काय करता?"

"शेती."

मुलीनं लिहिलं.  मुलगी म्हणाली, बसा, बोलावते.

ते बसले. धाकलूचा अंगठा बोटावर घासत होता, पण जरा सावकाश. जेवण्याची वेळ टळून गेली तरी त्यांचा नंबर आला नव्हता. चेनवाला माणूस आत जाऊन बाहेर आला, डोळे लाल, आणि जाताना धाकलूच्या खांद्याला नुसता हात लावून जिना उतरला. किरणच्या मनात सारखं येत होतं की उठावं, काउंटरवर जावं, चुकून सांगितलं म्हणावं. कागदावर अजून नुसती पेनाची शाईच तर होती, खोडता आली असती. मग तो बाबाच्या पँटीच्या सुतळीकडं बघायचा नि परत बसायचा.

फोन परत वाजला. या वेळी तो जिन्यात गेला नाही.

"काय नाव सांगितलंस?" काकानं विचारलं.

"मी नाय सांगितलं. त्यानं सोता सांगितलं. धाकलू."

काकाचा श्वास ऐकू येत होता. मागं कोणी तरी त्याला विचारत होतं की तुमचे भाऊ आले काय, साहेब उठायला लागलेत. काकानं त्या माणसाला उत्तर दिलं नाही.

"काय खाल्लं काय त्यानं सकाळपासून?" तो म्हणाला.

किरण काही तरी बोलणार होता, पण आतलं दार उघडलं आणि मुलीनं नाव पुकारलं, सगळं, बापाच्या नावासकट, मोठ्यानं. बाकड्यावरची चार माणसं वळून बघायला लागली. धाकलू उभा राहिला. दोन पावलं गेला, थांबला, आणि मागं वळून किरणकडं बघत राहिला. एकटा जाईना.

"काका, बोलावलं आत. जायला पायजे मला आता."